शुष्क प्रदेशांतील जमीन, हवामान, वनस्पती-आच्छादन आणि धूप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरड्या प्रदेशांतील धुपीविषयीची चर्चा बहुधा पावसाच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात पडलेल्या पाण्यापैकी किती मुरले, किती वाहून गेले आणि किती उन्हाने उडून गेले, याचा निवाडा जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत होतो. तिथे काय उगवेल, कुठे उगवेल आणि किती माती जागेवर राहील, हे त्या निवाड्यावर अवलंबून असते. खालील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

शुष्क प्रदेश नेमका कशाला म्हणावे? पाऊस कमी असणे एवढे पुरेसे आहे का?

नाही. पडणारा पाऊस आणि हवेची पाण्याची मागणी यांची सांगड घातल्याशिवाय कोरडेपणा मोजता येत नाही. जमीन सतत ओली ठेवली तर वर्षभरात बाष्पीभवन आणि वनस्पतींचे बाष्पोत्सर्जन मिळून जेवढे पाणी हवेत जाईल, त्या आकड्याने वार्षिक पावसाला भागले की शुष्कता निर्देशांक मिळतो. हा निर्देशांक ०.६५ पेक्षा कमी असलेले भाग शुष्क प्रदेशांत मोडतात. त्यातही ०.०५ च्या खाली अतिशुष्क, ०.०५ ते ०.२० शुष्क, ०.२० ते ०.५० निमशुष्क आणि ०.५० ते ०.६५ शुष्क-उपआर्द्र अशी प्रतवारी केली जाते. जगातील जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग या चार वर्गांत येतो. पाचशे मिलिमीटर पाऊस थंड प्रदेशात माती वर्षातील बराच काळ ओलसर ठेवू शकतो, तर उष्ण आणि वाऱ्याच्या प्रदेशात तेवढाच पाऊस काही महिन्यांतच उडून जातो. म्हणून केवळ मिलिमीटरवरून दोन प्रदेशांची तुलना करणे फसवे ठरते.

पाऊस जितका कमी तितकी पाण्याने होणारी धूपही कमी, असे नसते का?

हा तर्क सरळ वाटतो, पण अर्धाच खरा आहे. पाऊस एकाच वेळी दोन उलट कामे करतो : तो माती वाहून नेतो आणि तीच माती धरून ठेवणारे गवत व झुडपेही वाढवतो. अगदी कोरड्या वाळवंटात माती उघडी असते, पण ती वाहून नेण्याइतके पाणीच क्वचित येते. भरपूर पावसाच्या प्रदेशात पाणी असते, पण माती पाल्याखाली आणि मुळांच्या जाळ्यात सुरक्षित असते. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे पाऊस ओहोळ वाहवण्याइतका असतो परंतु जमीन झाकण्याइतका नसतो अशा पट्ट्यात, धूप सर्वाधिक असते.

लँगबाइन आणि शूम या अमेरिकी संशोधकांनी १९५८ मध्ये नद्यांतील आणि जलाशयांतील गाळाच्या नोंदींवरून हे नाते वक्राच्या रूपाने मांडले. त्यांच्या मांडणीत गाळाचे प्रमाण सुमारे ३०० मिलिमीटर परिणामकारक वार्षिक पावसाच्या आसपास शिखर गाठते आणि दोन्ही बाजूंना उतरत जाते. पुढे इतर खंडांतील नोंदी हाती आल्यावर हा वक्र सगळीकडे तंतोतंत लागू होत नाही, असे दिसून आले. पावसाचा हंगाम, भूभागाचा चढउतार, खडकाचा प्रकार आणि जमिनीचा वापर यांनी शिखराची जागा सरकते, काही ठिकाणी दुसरे शिखरही दिसते. तरीही वक्रामागचा विचार आजही उपयोगी आहे. निमशुष्क प्रदेशात आच्छादनात झालेली थोडी घटही गाळात मोठी वाढ करते, ती याच कारणाने.

दोन ठिकाणी वार्षिक सरासरी पाऊस सारखा असूनही एकीकडे गवत दाट आणि दुसरीकडे विरळ का असते?

सरासरी हा आकडा कोरड्या प्रदेशात फारसे काही सांगत नाही. इथला पाऊस सरीसरीने येतो. दोन सरींमध्ये मोठी उघाडीप असते आणि एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाच्या निम्माही नसतो. इम्मानुएल नॉय-मेयर या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये वाळवंटी परिसंस्थांची व्याख्याच अशी केली की, जिथे पाणी क्वचित, सुट्या सरींच्या रूपाने आणि अनिश्चितपणे येते आणि बाकीच्या सर्व क्रिया त्याच्या आगमनावर अवलंबून असतात.

पाच मिलिमीटरची सर जमिनीचा वरचा पापुद्रा ओला करते. त्यावर शेवाळ आणि सूक्ष्मजीव जागे होतात, पण बहुतेक झुडपांच्या मुळांपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही आणि एक-दोन दिवसांत ती ओल उडते. पंचवीस मिलिमीटर पाऊस संथपणे पाच-सहा तास पडला तर तो खोलवर मुरतो आणि बियाणे रुजते. तोच पाऊस पंचवीस मिनिटांत कोसळला तर मोठा वाटा उतारावरून निघून जातो आणि जाताना माती घेऊन जातो. हंगामही तितकाच महत्त्वाचा आहे. थंड हंगामात पडलेल्या पावसाला उन्हाशी झुंजावे लागत नाही, त्यामुळे त्याचा बराच भाग खोल जाऊन खोल मुळांच्या झुडपांना मिळतो. उन्हाळी पाऊस वरच्या थरातच राहतो आणि उथळ, दाट मुळांच्या गवताला फायदेशीर ठरतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील वॉलनट गल्च या प्रायोगिक पाणलोटात वर्षाच्या पावसातील सर्वांत मोठा वाटा उन्हाळी गडगडाटी पावसाचा असतो आणि तिथे वाहून जाणारे जवळजवळ सगळे पाणी याच हंगामातले असते. हिवाळ्यातील संथ पाऊस बहुतांशी जागेवरच मुरतो.

वाळूमिश्रित हलकी जमीन पाणी धरत नाही असे शिकवले जाते. मग कोरड्या प्रदेशात हलक्या जमिनीवरच झाडोरा जास्त कसा दिसतो?

या विषयातील सर्वांत रंजक प्रश्न बहुधा हाच आहे, कारण इथे ओलिताच्या शेतीतील अनुभव उलटा पडतो.

कोरड्या मातीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा मुरला असे धरू. वाळूची पाणी धरण्याची क्षमता कमी, म्हणजे आकारमानाच्या साधारण दहा टक्के. त्यामुळे तेवढे पाणी सामावण्यासाठी सुमारे दहा सेंटिमीटर खोलीपर्यंतची वाळू ओली व्हावी लागते. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या भारी जमिनीत तेच पाणी वरच्या चार-एक सेंटिमीटरमध्येच अडकून राहते. आता ऊन पडते. बाष्पीभवनाचा जोर मुख्यतः वरच्या थरावर असतो, म्हणून भारी जमिनीतील ती चार सेंटिमीटरची ओल जवळजवळ संपूर्ण उडते. वाळूत मात्र वरचा थर लवकर कोरडा होतो, कणांमधील पोकळ्या मोठ्या असल्याने केशाकर्षणाने पाणी वर चढण्याची वाट तुटते आणि खालची ओल बंदिस्त राहते. शिवाय वाळू पाणी चटकन पिते, त्यामुळे वाहून जाणारा वाटा कमी. आणि तिच्यातील पाणी मुळांना कमी जोर लावून मिळते. चिकणमातीत बरेचसे पाणी कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की झाड सुकत असतानाही ते जमिनीतच राहते.

पाऊस वाढत गेला की हे गणित उलटते. पाणी मुळांच्या खोलीखाली निसटून जाण्याची शक्यता हलक्या जमिनीत वाढते आणि भारी जमिनीची जलधारणाशक्ती कामी येऊ लागते. नॉय-मेयरने हा पालट ३०० ते ५०० मिलिमीटरच्या दरम्यान होत असावा असे सुचवले होते. अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशातील उत्पादनाच्या नोंदींवरून १९८८ मध्ये तो सुमारे ३७० मिलिमीटरपाशी आढळला. म्हणून ‘चांगली जमीन’ हा शब्द हवामानाचा उल्लेख केल्याशिवाय वापरू नये, असे माझे मत आहे. त्याच मातीचा गुण एका पर्जन्यमानात दोष ठरतो. अर्थात वाळूची दुसरी बाजूही आहे : तिच्यावरचा झाडोरा एकदा गेला की वारा ती सहज उचलतो, आणि मग ओलीचा सगळा फायदा निरर्थक होतो.

पाऊस थांबून ऊन पडल्यावर उघड्या जमिनीवर जो कडक पापुद्रा येतो, तो काय असतो आणि त्याचा धुपीशी काय संबंध?

मोठ्या सरीतील थेंब पाच मिलिमीटरपर्यंत जाडीचा असू शकतो आणि तो सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या आघाताने मातीचे कणसमूह फुटतात, सुटे कण आजूबाजूला उडतात (हीच उसळी धूप), आणि सर्वांत बारीक कण पाण्यासोबत खाली उतरून पोकळ्या बुजवतात. सुकल्यावर त्यांचा पापुद्रा बनतो. चाकूच्या टोकाने त्याचा तुकडा अलगद उचलून आडवा छेद पाहिला, तर वर एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा गुळगुळीत, दाट थर दिसतो आणि त्याखाली बऱ्याचदा टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल पोकळ्या दिसतात. पाणी वरून येताना अडकून पडलेल्या हवेचे ते बुडबुडे असतात. वरचा तो पातळ थरच पाणी मुरण्याचा वेग इतका घटवतो की मध्यम सरीतही ओहोळ वाहू लागतो. खालची माती मात्र कोरडीच राहते. अंकुरालाही हा पापुद्रा फोडून वर येता येत नाही. आच्छादन नाही म्हणून पापुद्रा आणि पापुद्रा आहे म्हणून आच्छादन नाही, असे चक्र त्यातून सुरू होते.

कोणती माती यात लवकर सापडते? गाळवट, म्हणजे चिकणमातीपेक्षा जाड पण वाळूपेक्षा बारीक कणांची, सेंद्रिय कर्ब कमी असलेली माती आणि सोडियम जास्त असलेली चोपण जमीन. याची घरगुती चाचणी सोपी आहे. हरभऱ्याएवढे कोरडे ढेकूळ काचेच्या ग्लासातील पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात न ढवळता ठेवावे. ते तसेच राहिले तर रचना उत्तम. ते ढासळून बारीक तुकड्यांचा ढीग झाला, पण वरचे पाणी नितळ राहिले, तर सेंद्रिय पदार्थांची कमतरता आहे. ढेकळाभोवती दुधट वलय पसरत गेले, तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटत आहेत, हे बहुधा सोडियमचे लक्षण असते.

चोपण जमिनीत धूप वेगळ्या प्रकारे होते का?

होय, आणि ती बराच काळ नजरेआड राहते. विनिमयक्षम सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या आणि अदलाबदल होऊ शकणाऱ्या धनभारित घटकांतील सोडियमचे, प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण धरली जाते, पण क्षार कमी असलेल्या पावसाच्या पाण्यात कण सुटण्याची क्रिया त्याच्या बरीच आधी सुरू होऊ शकते. वरचा थर बंद होतो. एखाद्या भेगेतून किंवा उंदराच्या बिळातून पाणी खाली शिरले तर ते सुटलेले कण घेऊन पुढे एखाद्या घळीच्या काठातून बाहेर पडते. अशा रीतीने जमिनीखाली बोगदे तयार होतात आणि एके दिवशी त्यांचे छत कोसळून तयार घळच उघडी पडते. अशा जमिनीवर नुसते चर खणून पाणी अडवल्यास नुकसान वाढू शकते. आधी जिप्समसारख्या कॅल्शियमच्या स्रोताने सोडियम हटवून त्याच्या निचऱ्याची सोय करावी लागते.

जमिनीवरचा काळपट, खडबडीत थर म्हणजे काय? तो मोडून काढावा का?

मोडू नये. तो सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल आणि बुरशी यांनी मिळून बनवलेला जैविक थर असतो. जगातील सुमारे १२ टक्के भूपृष्ठावर असा थर असल्याचा अंदाज आहे आणि त्यातील बहुतेक शुष्क प्रदेशांत आहे. त्यात मायक्रोकोलियस या सायनोबॅक्टेरियाचे तंतू चिकट आवरणात गुंडाळलेले असतात आणि ओल मिळताच ते मातीच्या कणांमधून सरकत जातात. सुकल्यावर आवरण मागे राहते आणि कण त्याला बांधलेले राहतात. कोरड्या, काळवंडलेल्या थरावर थोडे पाणी शिंपडले तर काही मिनिटांतच शेवाळ हिरवे होते. या थरातील काही जीव हवेतील नत्रही स्थिर करतात, जे अशा निकृष्ट जमिनीत फार मोलाचे असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याची वागणूक सगळीकडे सारखी नसते. उष्ण वाळवंटातील सपाट, गुळगुळीत थर पाणी वाहून जाऊ देतो. थंड वाळवंटात गोठण्या-वितळण्याने त्याला उंचवटे येतात आणि तो पाणी अडवून मुरवतो. ज्यांना उत्तर ‘मुरवतो’ किंवा ‘वाहवतो’ असे एका शब्दात हवे असते, त्यांची इथे निराशा होते. माती जागेवर धरून ठेवण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकार उपयुक्त आहेत. कोरडा असताना हा थर पावलांखाली आणि चाकांखाली चुरा होतो. सायनोबॅक्टेरिया काही वर्षांत परत येतात, पण दगडफूल आणि शेवाळ पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागू शकतात.

दगडगोट्यांची जमीन निरुपयोगी असते का?

शेतीच्या अवजारांसाठी ती त्रासाची असते, पण धुपीच्या दृष्टीने तसे नाही. पृष्ठभागावर मोकळे पडलेले दगड थेंबांचा मारा झेलतात, पाण्याचा वेग तोडतात आणि खालची ओल उन्हापासून वाचवतात. तेच दगड पापुद्र्यात घट्ट रुतलेले असतील तर मुरण्याची जागा कमी होऊन वाहणारे पाणी वाढते.

इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातील सेदे बोकेर येथील उतार याचे बोलके उदाहरण आहेत. तिथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. उताराचा वरचा खडकाळ भाग थोड्या सरीनेही पाणी सोडतो आणि ते पाणी खडकाच्या भेगांतील मातीच्या लहान कप्प्यांत गोळा होते. परिणामी खडकाळ भागात, मातीने सर्वत्र झाकलेल्या उतारापेक्षा, झुडपांना प्रत्यक्षात जास्त पाणी मिळते. याच प्रदेशात नबातियन या प्राचीन अरबी लोकांच्या काळापासून डोंगरउतारावरील पाणी खालच्या बांधबंदिस्त शेतांत वळवून पिके घेतली जात होती. विसाव्या शतकात मिखाएल एव्हेनारी यांनी अवदात येथे ती पद्धत पुन्हा चालवून दाखवली.

धूप रोखण्यासाठी किती टक्के आच्छादन पुरेसे असते?

सामान्यतः ३० ते ४० टक्के हा आकडा सांगितला जातो आणि त्याला आधारही आहे. आच्छादन वाढत गेल्यावर धूप सरळ रेषेत नव्हे, तर आधी झपाट्याने आणि मग मंदगतीने घटते. आजच्या झिंबाब्वेतील प्रयोगभूखंडांवरून एलवेल आणि स्टॉकिंग यांनी १९७६ मध्ये हे दाखवले. म्हणजे ओसाड जमिनीवर पहिले वीस टक्के आच्छादन आणण्याचा फायदा साठ टक्क्यांवरून ऐंशीवर जाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मात्र टक्केवारीवर विसंबून राहण्यात तीन अडचणी आहेत. पहिली उंचीची. उंच झाडाच्या पानांवरून ओघळणारे थेंब मोठे असतात आणि सात-आठ मीटर उंचीवरून पडताना ते जवळजवळ मूळचा वेग पुन्हा गाठतात. झाडाखाली पालापाचोळा नसेल तर उपग्रहाला हिरवी दिसणारी ती जमीन उघडीच असते. जमिनीलगतचे गवत आणि कुजणारा पाला यांचे मोल म्हणूनच अधिक आहे. दुसरी अडचण हंगामाची : आच्छादन सर्वांत कमी असते ते कोरड्या हंगामाच्या अखेरीस, आणि पहिल्या जोरदार सरी नेमक्या तेव्हाच येतात.

तिसरी अडचण रचनेची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तीस टक्के आच्छादन उतारभर लहान गवताच्या ठोंबांच्या रूपाने विखुरलेले असेल, तर वाहणाऱ्या पाण्याला दर काही पावलांवर अडथळा येतो, वेग मंदावतो, गाळ तिथेच बसतो. तेच तीस टक्के दूरदूरच्या मोठ्या झुडपांत एकवटलेले असेल, तर मधल्या उघड्या जागा एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांतून पाण्याला थेट वाट मिळते. म्हणून उघड्या पट्ट्यांची सलग लांबी किती, हा प्रश्न टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

निसर्गात या रचनेचे सर्वांत ठळक रूप पट्टेदार झाडोऱ्यात दिसते. सोमालियातील हवाई छायाचित्रांवरून मॅकफॅडियन यांनी १९५० मध्ये त्याकडे लक्ष वेधले आणि पुढे नायजर, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको इथेही तो आढळला. अतिशय सौम्य उतारावर, उताराला आडवे असे झुडपांचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये पापुद्रा धरलेल्या ओसाड जमिनीचे पट्टे आलटून पालटून येतात. ओसाड पट्ट्यावरचे पाणी खालच्या झुडपांच्या पट्ट्यात जाऊन मुरते. तिथे मुळांनी आणि वाळवीने माती सच्छिद्र केलेली असते. ओसाड पट्टा ‘सुधारण्याच्या’ उत्साहात नांगरला, तर खालच्या झुडपांचे पाणी तुटते.

गवत जाऊन झुडपे आली तरी हिरवाई तीच राहते. मग बिघडते कुठे?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील होर्नादा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विस्तीर्ण गवताळ भाग होता. त्याची जागा पुढे मेस्कीट आणि क्रिओसोट या झुडपांनी घेतली. वनस्पतींचे एकूण वजन फारसे घटले नाही, पण पाणी, नत्र आणि सेंद्रिय पदार्थ यांची समान वाटणी संपली. झुडपाखाली पाला साचतो, वाऱ्याने आलेली बारीक माती अडते, पाणी चांगले मुरते. दोन झुडपांमधील जागा मात्र उघडी पडते, पापुद्रा धरते किंवा वाऱ्याने खरवडली जाते. सुपीकतेची ही लहान बेटे एकदा तयार झाली की ती टिकून राहतात, कारण नवीन रोपे तिथेच रुजतात. विल्यम श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वाळवंटीकरणाचे स्पष्टीकरण म्हणून हीच प्रक्रिया मांडली. चराई बंद केल्यावरही गवत आपोआप परतत नाही, याचे एक कारण इथे आहे.

वाऱ्याने होणारी धूप पाण्याच्या धुपीपेक्षा वेगळी कशी?

पाणी उतारावरूनच जाते आणि एखाद्या वाटेने जाते, वाऱ्याला उताराची गरज नसते. सपाट मैदान पाण्यापासून सुरक्षित आणि वाऱ्याला संपूर्ण उघडे असू शकते.

कणांचा आकार इथे निर्णायक ठरतो. साधारण ०.१ मिलिमीटर व्यासाचे कण सर्वांत कमी वाऱ्यात हलतात. त्याहून मोठे कण जड असतात आणि त्याहून बारीक कण एकमेकांना चिकटून राहतात. ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण उड्या मारत जातात, त्याहून जाड घरंगळतात आणि बारीक धूळ हवेत तरंगत शेकडो किलोमीटर जाते. ती धूळ सुटते मुख्यतः उड्या मारणाऱ्या वाळूच्या माऱ्याने. राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९४१ मध्ये वाळूच्या हालचालीची जी मांडणी केली, तिच्यानुसार वाहून नेली जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वर्षभरातील मोजके वादळी दिवस बाकी सर्व दिवसांपेक्षा अधिक माती नेतात. उंच, उभे, वाळलेले धांडेदेखील इथे उपयोगी पडतात, कारण ते जमिनीलगतचा वेग मोडतात.

जगातील सर्वांत मोठ्या धूळस्रोतांपैकी एक, चाडमधील बोडेले खोलगट भाग, हा प्राचीन सरोवराचा कोरडा तळ आहे : बारीक गाळ, ओल नाही, झाडोरा नाही आणि दोन डोंगरांमधून येणारा वेगवान वारा. नैसर्गिक अवस्थेत ही स्थिती विरळ असते, पण माणूस ती निर्माण करू शकतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मैदानांत गवताळ जमीन नांगरून गहू पेरला गेला, १९३० च्या दशकात दुष्काळ आला, पीक उगवले नाही आणि उघडी माती उडाली. त्यातील सर्वांत कुप्रसिद्ध वादळ १४ एप्रिल १९३५ चे. त्याच महिन्यात तिथे मृदासंधारणाचा कायदा झाला.

उताराच्या दिशेने फरक पडतो का?

पडतो. उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतारावर ऊन अधिक लागते, ओल लवकर उडते आणि झाडोरा विरळ राहतो. समोरासमोरच्या दोन उतारांवर एकच खडक आणि एकच पाऊस असूनही मातीची जाडी व सेंद्रिय कर्ब वेगळे आढळतात. दक्षिण गोलार्धात हे उलटे असते.

दुष्काळानंतरचा पहिला मोठा पाऊस इतका विध्वंसक का ठरतो?

कारण दुष्काळात गवत मरते आणि उरलेले चरले जाते, पाला वाऱ्याने उडतो, मुळे कुजू लागतात. जमिनीची तयारी अशी पूर्ण मोडल्यावर पाऊस परत येतो. गवताला पुन्हा दाट व्हायला एक-दोन हंगाम लागतात, पाण्याला वाहायला काही मिनिटे पुरतात. दुष्काळाची वर्षे आणि धुपीची वर्षे म्हणूनच अनेकदा वेगळी असतात. पर्जन्याच्या आकड्यांत ‘चांगले’ म्हणून नोंदलेले वर्ष गाळाच्या नोंदींत सर्वांत वाईट निघू शकते. व्यवहारात याचा अर्थ असा, की पाऊस परतल्यावर जनावरे लगेच त्या कुरणात सोडण्याऐवजी गवताचे ठोंब बी धरेपर्यंत थांबणे अधिक फायद्याचे असते.

मग सर्वत्र झाडे लावणे हाच उपाय नाही का?

पाण्याचा हिशोब न करता लावलेली झाडे हा उपाय नसून काही वर्षांनी समोर येणारी नवी अडचण असते. चीनमधील लोएस पठारावरील माती वाऱ्याने आणलेल्या गाळवट कणांची, अतिशय जाड आणि सहज वाहून जाणारी आहे. पीत नदी एके काळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. पायऱ्यांची शेती, गाळ अडवणारे बंधारे आणि १९९९ पासून उतारावरील शेती बंद करून तिथे गवत व झाडे वाढवण्याचा कार्यक्रम, यांमुळे हा गाळ अलीकडच्या दशकांत मूळच्या एका लहान अंशावर आला. हे मोठेच यश आहे. पण त्याच पठारावर परक्या, जास्त पाणी पिणाऱ्या झाडांच्या लागवडीखाली खोल थरांतील माती कोरडी पडल्याचे आढळले आणि तिथला झाडोरा आता उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ पोहोचल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला गेला.

याउलट नायजरच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी रोपे लावली नाहीत, तर शेतात जमिनीखाली जिवंत असलेल्या खुंटांना फुटणारे धुमारे राखले. अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आली. बुर्किना फासोमध्ये पापुद्रा धरलेल्या कडक जमिनीत छोटे खड्डे करून त्यांत शेणखत घालण्याची झाय ही पद्धत आहे. खताकडे वाळवी येते, ती जमिनीत बारीक बोगदे करते आणि पाणी मुरू लागते. दोन्ही उदाहरणांत आधी मुरण्याची वाट मोकळी झाली किंवा तिथलीच मुळे कामी आली. निमशुष्क प्रदेशाच्या कोरड्या टोकाला स्थानिक गवत हेच बहुधा योग्य आच्छादन असते, जरी त्याच्या लागवडीची छायाचित्रे तितकी देखणी येत नसली.

हवामानबदलाने शुष्क प्रदेश हिरवे होतील की ओसाड?

दोन्ही दिशांनी ओढ आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर पर्णरंध्रे कमी उघडी ठेवूनही वनस्पतीला पुरेसा कार्बन मिळतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त पाने वाढतात. उष्ण, कोरड्या प्रदेशांत १९८२ ते २०१० या काळात या एका कारणाने हिरवे आच्छादन सुमारे ११ टक्के वाढल्याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हवेची तहान वाढते आणि सर पडते तेव्हा अधिक जोराने पडू शकते. पावसाची एकूण बेरीज तीच राहिली, पण तो कमी दिवसांत आणि अधिक तीव्रतेने पडला, तर भारी, पापुद्रा धरणाऱ्या जमिनीवर तो वाहून जाईल, तर वाळूत तोच पाऊस अधिक खोल मुरून झुडपांना पोसेल. एकाच हवामानबदलाचे परिणाम शेजारच्या दोन जमिनींवर भिन्न दिसू शकतात.

उपकरणे नसताना धूप चालू आहे हे कसे ओळखावे?

घळ पडेपर्यंत वाट पाहू नये. त्याच्या आधी सालकाढी धूप, म्हणजे वरची माती सर्वत्र पातळ थराने निघून जाणे, बराच काळ चाललेली असते आणि तिची चिन्हे लहान असतात. खड्याखाली किंवा गवताच्या ठोंबाखाली मातीचा छोटा खांब उभा राहिलेला दिसतो, कारण आजूबाजूची माती थेंबांच्या माऱ्याने गेलेली असते. त्या खांबाची उंची म्हणजे किमान तेवढा थर गेला. झुडपाच्या खोडाशी मुळांचा वरचा भाग उघडा पडलेला असतो आणि त्या झुडपाचे वय ठाऊक असेल तर धुपीचा वेग काढता येतो. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती जाणे म्हणजे साधारण तेरा टन माती जाणे. पृष्ठभागावर बारीक खडी पसरलेली दिसली, पण वीतभर खणल्यावर ती आढळली नाही, तर बारीक माती निघून गेली आणि खडी मागे राहिली असे समजावे.

उतारावर उभे राहून पाला कुठे अडकला आहे तेही पाहावे. तो जागोजागी लहान आडव्या ओळींत अडकलेला असेल तर पाणी अजून थांबते आहे. तो सगळा तळाशी कुंपणाला लागलेला असेल तर वाटेत अडवणारे काही उरलेले नाही. उताराला आडव्या रेषेत काही लोखंडी खिळे ठोकून त्यांची जमिनीवरील उंची दर पावसाळ्याआधी आणि नंतर नोंदवली, आणि त्याच जागेवरून त्याच महिन्यात छायाचित्र घेतले, तर चार-पाच वर्षांत त्या जमिनीविषयी एखाद्या सर्वसाधारण नकाशापेक्षा अधिक विश्वासार्ह माहिती हाती येते. एखाद-दुसऱ्या वर्षाच्या नोंदींवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण या प्रदेशांत दशकातील बहुतांश माती दोन-तीन सरींतच जाते आणि नेमकी ती सर नोंदींच्या काळात पडली की नाही, यावर सरासरी हलते.